पाळी संपली, आता स्वतःची काळजी घ्या म्हणे!

वॉर्डातली

परवा सलग चौथी नाइट संपली. हँडओव्हर देऊन निघणार, तेवढ्यात इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "घरी जाऊ नका, वरच्या हॉलमध्ये सेशन आहे. हजेरी लागणार आहे." विषय होता ताणतणावाचं व्यवस्थापन. वक्ते भले गृहस्थ होते, त्यांचा काही दोष नाही. त्यांनी दिवे मंद केले, आम्हाला डोळे मिटायला सांगितले आणि खोल श्वास घ्यायला लावले. आम्ही पंधरा जणी होतो. सात मिनिटांत निम्म्या झोपल्या, एक तर चक्क घोरायला लागली. वक्त्यांना वाटलं, सेशन फारच परिणामकारक झालं.

जाताना प्रत्येकीच्या हातात एक पत्रक दिलं. पुरेशी झोप घ्या, वेळेवर जेवा, भरपूर पाणी प्या, 'नाही' म्हणायला शिका. आदल्या रात्री मी मुद्दामच पाणी कमी प्यायले होते, कारण बाथरूमला जायचं तर माझे बेड कोणावर सोपवणार? आणि 'नाही' म्हणायला मला येतं. गेल्या महिन्यात डबल ड्युटीला दोनदा म्हणाले. पुढच्या रोस्टरमध्ये त्याचं उत्तर मिळालं.

म्हणून हा धागा. दोनच प्रश्न आहेत. स्वतःसाठी तुम्ही असं काय करता, जे थकलेल्या अंगाने, रोजच्या रोज खरंच जमतं? आणि कामाच्या जागेने तुमच्यासाठी असं काय केलं, ज्याने फरक पडला? नर्सिंगबाहेरच्यांनीही लिहा, पण "सकारात्मक राहा" हा सल्ला कृपया नको. तो पत्रकात होता.

तिसरी_पाळी

घोरण्याचा किस्सा भारी! आमच्याकडे असंच सेशन जेवणाच्या सुट्टीत ठेवलं होतं. म्हणजे ताण कमी करण्यासाठी जेवण रद्द.

पहिल्या प्रश्नाबद्दल लिहिते. अकरा वर्षं नाइट करतेय, त्यातून जे टिकलं ते असं.

चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच. कॅफिनचा अर्धा अंमल उतरायलाच साधारण पाच तास लागतात. पहाटे चारला घेतलेली कॉफी सकाळी नऊला तुमच्यासोबत अंथरुणात असते. सकाळी घरी जाताना गडद गॉगल. लोक हसतात, हसू देत. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीर दिवस सुरू करतं, मग झोप येत नाही. खोलीत जाड पडदा, फोन दुसऱ्या खोलीत. आणि दारावर चिठ्ठी, "नाइट करून झोपले आहे. बेल वाजवू नका." पहिली तीन वर्षं ही चिठ्ठी लावायला मला लाज वाटायची. दिवसा झोपणारी बाई म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात ना.

ब्रेकमध्ये डुलकी मिळाली तर वीस मिनिटं, अलार्म लावून. तासभर झोपलात तर उठल्यावर डोकं अर्धा तास गाळात असतं, आणि त्या अर्ध्या तासात औषधं मोजायची नसतात. एवढं पाळायला मला तीन चुका लागल्या, सुदैवाने तिन्ही कागदावरच्या.

गाडी मात्र नाइटनंतर मी चालवत नाही. एकदा सिग्नलला डोळा लागला होता. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल हिरवा होऊन परत लाल झाला होता.

गप्पिष्ट

मी नर्सिंगमधला नाही, त्यामुळे चुकलो तर सांभाळून घ्या. पण ताण कुठल्या नोकरीत नाही? आम्हीही रात्र रात्र जागतो, डेडलाइन असतात. शेवटी आपलं मन आपणच घट्ट करायला लागतं. कंपनी काय करणार?

ब्रदर_म्हणा

@गप्पिष्ट, तुमच्या डेडलाइनमध्ये 'डेड' शब्द आहे तो नुसता म्हणायला. आमच्याकडे तसं नसतं.

चेष्टा सोडा. फरक मी सांगतो. तुम्ही रात्री थकलात तर काम उद्यावर ढकलता येतं. सलाइन उद्यावर ढकलता येत नाही, कुशीवर वळवणं ढकलता येत नाही. आणि थकलेल्या चेहऱ्याने गेलं तर बेडवरचा माणूस घाबरतो, म्हणून चेहराही कामाचा भाग. एका खोलीत पेशंट गेलेला असतो, आपण हात धुतो आणि शेजारच्या खोलीत "काय आजोबा, आज कसं वाटतंय?" म्हणत शिरतो. मधलं अंतर बारा पावलं. त्या बारा पावलांत मन किती घट्ट करायचं?

दुसरं माझं स्वतःचं. वॉर्डात आम्ही दोनच पुरुष. पेशंट उचलायचा असला की हाक येते, "ब्रदरना बोलवा." पस्तिशीत माझी कंबर गेली. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबानुसार पेशंट हाताने उचलताना एका माणसावर साधारण १६ किलोपेक्षा जास्त भार येऊ नये, तोही सगळं अनुकूल असताना. सोळा किलो! मोठ्या माणसाचा नुसता एक पाय उचलला तरी कधी कधी तेवढा भरतो. त्यामुळे 'नीट वाकून उचला' हे प्रशिक्षण कितीही द्या, वजन काही कमी होत नाही. आमच्याकडे शेवटी स्लाइड शीट आल्या. साध्या घसरत्या चादरी, दोन जणांनी ओढायच्या. पहिला महिना त्या कपाटातच होत्या, कारण किल्ली स्टोअरवाल्याकडे आणि स्टोअर पाच वाजता बंद. मग आम्ही त्या बेडच्या पायथ्याशी अडकवल्या. कंबर आता बरी आहे म्हणणार नाही, पण आणखी बिघडली नाही.

आकडेमोड

@गप्पिष्ट यांचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून जरा आकडे देतो. (मी रुग्णालयांच्या माहितीवर काम करतो, वॉर्डात नाही.)

२००२ मध्ये लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका नर्सकडे सरासरी प्रत्येक जास्तीच्या पेशंटमागे शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटची ३० दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आणि नर्सच्या बर्नआउटची, म्हणजे कामाने पार खचून जाण्याची, शक्यता सुमारे २३ टक्क्यांनी. एकाच कारणाने दोघंही खचतात. म्हणून नर्सची काळजी ही नर्सवर केलेली मेहेरबानी नाही, पेशंटच्या उपचाराचाच तो भाग आहे.

दुसरा अभ्यास २००४ चा. नर्सनी रोजच्या रोज लिहिलेल्या नोंदींवरून दिसलं की साडेबारा तास किंवा त्याहून लांबलेल्या पाळीत चूक होण्याचा धोका जवळजवळ तिप्पट.

आणि जागरणाचं म्हणाल तर १९९७ मध्ये डॉसन आणि रीड यांनी दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि डोकं रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं चालतात. दारू पिऊन ड्युटीवर आलं तर निलंबन, डबल ड्युटी केली तर आभार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही. व्यवसायाशी निगडित बाब म्हणून आहे, आणि व्याख्येतच लिहिलंय की तो कामाच्या जागेवरच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येतो. आता हे नीट हाताळायचं कोणी, यावरच सगळा वाद.

गप्पिष्ट

समजलं. कान पकडले. वाचतोय.

माजी_मेट्रन

मी चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ मेट्रन म्हणून. म्हणजे तुम्ही सगळे ज्या रोस्टरला शिव्या देताय, ते करणारी बाई मीच. मारायचं असेल तर मारा, पण आधी ऐका.

मंजूर जागा चाळीस, भरलेल्या एकतीस, त्यातल्या दोघी बाळंतपणाच्या रजेवर, एक दीर्घ आजारी. सकाळी सहाला फोन येतो, "मॅडम, ताप आहे." त्या क्षणी माझ्यापुढे माणूस नसतं, रिकामा चौकोन असतो. तो भरायचा. मग जिला 'नाही' म्हणता येत नाही तिला फोन जातो. दर वेळी तिलाच. मला हे कळत होतं आणि मी तेच करत होते. आज लिहिताना बरं वाटत नाहीये.

माझ्या हातात माणसं वाढवणं नव्हतं. पण जे होतं, तेही मी उशिराच केलं. पाळ्या उलट्या फिरवणं थांबवलं. नाइटवरून इव्हनिंग, इव्हनिंगवरून मॉर्निंग असं मागे यायला शरीराला जड जातं. मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट असं पुढे जाणं त्यातल्या त्यात सोपं, कारण बहुतेकांचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं. खर्च शून्य. एक पेन्सिल आणि एक खोडरबर. तरी मला सहा वर्षं सुचलं नाही.

दोन पाळ्यांमध्ये बारा तास मोकळे, हा दुसरा नियम. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ मध्ये नर्सिंग कर्मचाऱ्यांसाठी वेगळा करार केला, त्याच्या सोबतच्या शिफारशीत हे बारा तास लिहिलेले आहेत. मला कागद दाखवायला मिळाला म्हणून वरच्यांनी ऐकलं. नुसतं "मुली थकतात हो" म्हटलं असतं तर ऐकलं नसतं.

तिसरं, आणि हेच सगळ्यांत महत्त्वाचं. ब्रेक द्या म्हणून सर्क्युलर काढून ब्रेक मिळत नाही. कुणी तरी नावानिशी लागतं. आम्ही रोस्टरमध्ये एक रकाना वाढवला, ब्रेक-कव्हर. त्या पाळीत एकीला कमी बेड, आणि तिचं काम म्हणजे एकेकीला सोडवायचं. "जा, तुझे सहा बेड आता माझे." लेखी हँडओव्हर, तीन ओळींचा. पहिल्या आठवड्यात मुली ब्रेकला जाऊनही पाच मिनिटांत परत यायच्या. भरवसाच नव्हता. सवय लागायला दीड महिना गेला.

@वॉर्डातली, सेशन वाईट नसतं गं. पण सेशनला ड्युटीच्या वेळात बसवलं पाहिजे आणि तेवढा वेळ वॉर्ड दुसऱ्या कुणी सांभाळला पाहिजे. नाइट संपल्यावर बसवलं तर तो श्वासोच्छ्वासही ओव्हरटाइमच.

तिसरी_पाळी

मॅडम, तुमच्यासारखं लिहिणारी मेट्रन मी पहिल्यांदा वाचली. पण एक विचारते, राग मानू नका. जिला दर वेळी फोन जायचा, तिला तुम्ही नंतर कधी काही बोललात?

माजी_मेट्रन

नाही. तिने नोकरी सोडली तेव्हा निरोप समारंभात "अतिशय सहकार्य करणारी" असं बोलले.

पहिलं_वर्ष

सगळ्यांना नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज लिहितेय.

मला लागून आठ महिने झालेत. तीन आठवड्यांपूर्वी एका पेशंटचं अँटिबायोटिक दुसऱ्याला दिलं गेलं. दोघांचं आडनाव एकच, बेड शेजारी शेजारी, त्यात पेशंट हलवलेले. मनगटावरची पट्टी मी वाचली नाही. लगेच लक्षात आलं, डॉक्टरांना सांगितलं. पेशंटला काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी घरीही गेले. पण फॉर्म भरायला लावला, आणि इनचार्ज सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शिकवलेलं कुठे जातं तुमचं?"

तेव्हापासून प्रत्येक औषध मी चार-चार वेळा तपासते, त्यात उशीर होतो, मग उशिराबद्दल ओरडा. घरी गेल्यावर अंथरुणात पुन्हा तोच बेड दिसतो. काल ड्युटीला येताना गेटपाशी थांबून राहिले, पाय पुढे जाईना. हे सगळ्यांना होतं का? की मी या कामासाठी नाहीच?

माजी_मेट्रन

बाळ, आधी एक सांगते. तू लगेच बोललीस. चूक लपवणारी नर्स मी पाहिलेली आहे, म्हणून तुझी किंमत मला कळते.

"दोघांचं आडनाव एकच, बेड शेजारी, पेशंट हलवलेले." तुझ्या एका वाक्यात तीन कारणं आहेत आणि त्यातलं एकही तू केलेलं नाहीस. पट्टी वाचली नाहीस, ती चौथी गोष्ट, ती तुझी. तेवढीच तुझी. बाकीच्या तिन्हींचा फॉर्म कोण भरणार? सारख्या आडनावाच्या पेशंटना शेजारी ठेवू नये, ठेवावं लागलं तर फाइलवर ठळक सूचना चिकटवावी, हे त्या इनचार्जने दुसऱ्याच दिवशी करायला हवं होतं. केलं का गं तिने?

पहिलं_वर्ष

नाही. मीच एक स्टिकर लावला परवा. कुणाला न विचारता.

आकडेमोड

@पहिलं_वर्ष, तुम्ही सांगताय त्याला नाव आहे. डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा वेळी होरपळणाऱ्या डॉक्टर-नर्सना 'दुसरा बळी' म्हटलं. पुन्हा पुन्हा तो प्रसंग दिसणं, झोप उडणं, आपल्या हातांवरचा विश्वास जाणं, हे इतक्या जणांत दिसतं की काही रुग्णालयांनी त्यासाठी प्रशिक्षित सहकाऱ्यांची फळी तयार ठेवली आहे. चूक झाल्यावर काही तासांत कुणीतरी येऊन भेटतं, चौकशीसाठी नव्हे, सोबतीसाठी.

नोंद म्हणून हेही सांगतो. चुकीमुळे ज्यांची माणसं गेली अशा काही कुटुंबीयांनी २०१९ मध्ये त्याच जर्नलमध्ये या शब्दाला आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, 'बळी' म्हटलं की जबाबदारी कुणाचीच उरत नाही. मला दोन्ही बाजू पटतात. शब्द वेगळा शोधा, सोबत मात्र हवीच.

तिसरी_पाळी

@पहिलं_वर्ष, सगळ्यांना होतं का विचारलंस. माझं दुसऱ्या वर्षी झालं, इन्सुलिनचं. सविस्तर इथे नाही लिहिणार. आमच्यातली एक सीनियर त्या दिवशी माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत आली, एक शब्द बोलली नाही, आणि बस आल्यावर म्हणाली, "उद्या तुझ्या शेजारच्या बेडला मी आहे." मला एवढंच पुरलं.

पण गेटपाशी पाय थबकतात, झोप जातेय, हे तीन आठवडे चाललंय ना? मग नुसत्या आमच्या प्रतिसादांवर राहू नकोस, मनोविकारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठ. आपण पेशंटला आठव्या दिवशी सांगतो, ताप उतरला नाही तर दाखवा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर आजच, आत्ता कुणाजवळ तरी बोल. आलेत का, हे मी स्पष्टच विचारतेय.

पहिलं_वर्ष

नाही ताई, तसे नाही आले. सोमवारी ऑफ आहे, अपॉइंटमेंट घेते. विचारलंत म्हणून बरं वाटलं.

सिस्टरचा_नवरा

घरच्या बाजूने थोडं. बायको आयसीयूत आहे. लग्नानंतर दोन वर्षं ती घरी आली की मी विचारायचो, "कसा होता दिवस?" ती "ठीक" म्हणायची आणि मला राग यायचा, की ही काही सांगतच नाही. नंतर कळलं की सांगायचं म्हणजे तिने तो दिवस परत जगायचा. आता ती आली की मी वेगळं विचारतो, "बोलायचंय की शांत बसायचंय?" बहुतेक वेळा शांतच बसायचं असतं. ती आंघोळीला गेली की ड्युटीचे कपडे मी बादलीत टाकतो. याहून जास्त मला काही जमलेलं नाही.

सगळ्यात जास्त ती खचते ते पेशंट गेल्यावर नाही. उपचार निव्वळ ओढून ताणून चाललेत, पेशंटला त्रास होतोय, हे दिसत असून हात चालवत राहावं लागतं, तेव्हा. मग दोन-दोन दिवस चिडचिडी असते.

ब्रदर_म्हणा

साहेब, आयसीयूतल्या कुणालाही विचारा, हेच सांगेल. नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्येच यावर लिहिलंय. काय योग्य ते माहीत असतं, पण व्यवस्था ते करू देत नाही, त्यातून येणारी तळमळ. हा थकवा झोपून जात नाही. सुट्टी घेऊन आलं तरी बेड तोच, पेशंट तोच. यावर मला एकच गोष्ट उपयोगी पडताना दिसली. डॉक्टर, नर्स आणि नातेवाईक यांची एकत्र बैठक, आणि तीत नर्सलाही बोलायला जागा. आमच्याकडे एका कन्सल्टंटनी सुरू केलं. "सिस्टर, रात्री तुम्ही होतात, तुम्हाला काय दिसलं?" एवढंच विचारतात. त्या प्रश्नासाठी लोक त्यांच्या युनिटमध्ये बदली मागतात.

आणखी एक. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जोनाथन बार्टेल्स नावाच्या नर्सने एक साधी पद्धत सुरू केली. पेशंट गेल्यावर सगळ्यांनी हात थांबवून अर्धा-एक मिनिट तिथेच उभं राहायचं, गेलेल्या माणसासाठी आणि केलेल्या प्रयत्नांसाठी. आम्ही तीन वेळा केलं. पहिल्या वेळी अवघडल्यासारखं झालं, कुणाचा तरी फोन वाजला. तिसऱ्या वेळी सफाईच्या मावशी स्वतःहून मॉप टेकवून थांबल्या. मी वर म्हटलं ना बारा पावलं, त्यांच्या आधी हे एक मिनिट मिळालं तर बारा पावलं जरा सोपी जातात.

आकडेमोड

याला जोडून सावधगिरी. वाईट प्रसंगानंतर लगेच सगळ्यांना खोलीत बसवून "काय वाटलं ते बोला" अशी एकदाच घेतलेली सक्तीची बैठक पुढचा मानसिक आघात टाळते, असं पुराव्यात दिसलेलं नाही. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याचा सल्ला तर अशी सक्ती करूच नये असा होता. ज्याला बोलायचंय त्याला जागा, ज्याला नाही त्याला मोकळीक.

वॉर्डातली

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी परत लिहितेय.

मेट्रन मॅडमचा ब्रेक-कव्हरचा रकाना आमच्या इनचार्ज सिस्टरांना दाखवला. धाग्याचं सांगितलं नाही, "एका ओळखीच्या बाईंकडे असं करायचे" म्हटलं. त्या म्हणाल्या, माणसंच नाहीत तर रकाना कशाला? मी म्हटलं, एक महिना फक्त नाइटला करून बघू. पहिल्या रात्री जमलं. मी अठ्ठावीस मिनिटं बसले, डबा पूर्ण संपवला, आणि पाणी प्यायले, भीती न बाळगता. दुसऱ्या रात्री कव्हरवालीला कॅज्युअल्टीत ओढून नेलं. तिसऱ्या रात्रीही. चौथ्या रात्री इनचार्जनी स्वतः फोन करून सुपरवायझरला सांगितलं की ती मुलगी रिकामी नाही, तिच्या नावावर काम आहे. फोनवर जरा आवाज चढला दोघींचा. मुलगी परत आली.

तेव्हापासून मी वहीत लिहितेय. अकरा नाइट, सात ब्रेक.

ताणतणावाचं पुढचं सेशन जाहीर झालंय. या वेळी दुपारी दोनला. मॉर्निंगची पाळी दोनलाच संपते.

ब्रदर_म्हणा

अकरात सात म्हणजे आमच्यापेक्षा सातने जास्त. वहीत काय काय लिहिता ते सांगा, मीही सुरू करतो.

वॉर्डातली

तारीख, पाळी, किती पेशंट, किती जणी, ब्रेक मिळाला का, किती मिनिटं. पेशंटचं नाव किंवा बेड नंबर अजिबात नाही. ब्रेक का मिळाला नाही तेही लिहीत नाही. आधी लिहायचे, पण मग सगळी चर्चा त्या कारणावर व्हायची आणि आकडा बाजूला राहायचा. वही लॉकरमध्ये ठेवा, काउंटरवर ठेवू नका. माझी पहिली वही काउंटरवरून गेली.

@पहिलं_वर्ष, सोमवारचं काय झालं?

पहिलं_वर्ष

गेले होते. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. स्टिकर अजून आहे, आता दुसऱ्या वॉर्डानेही मागितले. कुठल्या रंगाचे घेऊ?

तिसरी_पाळी

केशरी घे. रात्रीच्या उजेडात लाल आणि तपकिरी सारखेच दिसतात.